बांधणाऱ्याने बसायचं

आमच्या घरात हळू कोणी बोलत नसे. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, उमेदीची वर्षं पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात गेली आणि तिथल्या यंत्रांच्या घरघरीने त्यांचे कान जवळजवळ निकामी केले. ते स्वतः ओरडून बोलत आणि त्यांच्याशीही ओरडूनच बोलावं लागे. पुढे ती घराचीच सवय झाली. अण्णा बाहेर गेलेले असले तरी आमटीत मीठ कमी आहे की जास्त, एवढी गोष्टही आम्ही अशी बोलायचो की वाटेवरचा माणूस थांबावा. नोकरी मुदतीआधी सोडून अण्णा आम्हाला घेऊन रत्नागिरीला आले आणि सड्याच्या कातळपठाराच्या कडेला, आजोबांनी घेऊन ठेवलेल्या कलमांच्या जागेत त्यांनी घर बांधलं, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं की या घरात रोज कडाक्याची भांडणं होतात. नंतर खरी भांडणं व्हायला लागली तेव्हा कोणी बघायला आलं नाही, एवढा त्याचा फायदा झाला.

या घरात हळू बोलणारा एकच माणूस होता, माझा थोरला भाऊ सुधीर. मी त्याला दादा म्हणत असे. मिरकरवाड्याला मासळीबंदरावर बर्फाच्या कारखान्यात तो यंत्रं सांभाळायचा. घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना अमोनियाचा आणि बांगड्यांचा असा दुहेरी वास असायचा, आणि पेजेचं ताट पुढे आलं की आधी तो दोन्ही तळवे ताटाला लावून बसायचा, बोटांत ऊब येईपर्यंत. पुण्याला शिकत असताना तो आधी ग्लायडर आणि मग एका क्लबाचं लहानसं विमान उडवायला शिकला होता. दादा हळू बोलायचा, अण्णांना ते ऐकू यायचं नाही, आणि बोलताना त्याचा चेहरा हसरा असल्यामुळे अण्णांची अशी ठाम समजूत होती की हा आपल्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हणतो. निम्म्या वेळा तो नाही म्हणत असे. मी जवळ असले तर ते ‘नाही’ अण्णांच्या कानात ओरडून पोचवण्याचं काम माझ्याकडे असे. ‘दादा नको म्हणतोय’ हे वाक्य मी पुढे विमान बांधलं त्या दोन वर्षांत जितक्या वेळा बोलले तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आज माझी वेगळी ख्याती असती.

वीस-बावीस वर्षं डोंगराच्या आत काढलेल्या माणसाला वर जावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. दुसरा कोणी असता तर घराला गच्ची बांधून थांबला असता. अण्णांनी परदेशातल्या एका नातेवाइकाकरवी विमानाचे नकाशे मागवले. लाकडाचं आणि कापडाचं, डोक्यावरून एकच लांब पंख गेलेलं, एकामागे एक अशा दोन बैठकांचं विमान. मोठं लाकूड मुंबईच्या वखारीतून आलं, आणि इंजिन तिथल्याच भंगारवाल्याकडून, एका जुन्या विलायती मोटारीचं. ते ट्रकातून उतरवून घेताना ट्रकवाल्याने विचारलं की हे कशाला बसवणार, आणि अण्णांनी ‘विमानाला’ असं सांगितल्यावर त्याने हात जोडून आधी हमाली मागून घेतली. परवानगीचा विषय कोणी काढला की अण्णा वारा कुठून येतोय ते बघायला बाहेर जात. हे सगळं आज लिहिताना वेडेपणाचं वाटतं. तेव्हाही वाटत होतं, पण तेव्हा ते आमच्या पडवीत होतं, आणि पडवीतल्या गोष्टीला माणूस वेडेपणा म्हणत नाही, अडचण म्हणतो.

लाकूडकामाला अण्णांनी हसन मिस्त्रींना आणलं. ते खाडीकाठी मच्छीमारांच्या होड्या बांधत. कारागीर म्हटला की तो नम्र असायचा असा आमच्या वाङ्मयात दंडक आहे. मिस्त्रींनी तो वाचलेला नव्हता. आपण बांधलेली होडी बुडालीच तर ती समुद्राची चूक, असं ते मनापासून मानत. अंगाने इतके काटकुळे की आई म्हणायची, यांना वाळत घातलं तर दोरीला बाक यायचा नाही. विमानाचा सांगाडा नकाशावर बघून त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की यात नवीन काही नाही, ही होडीच आहे, फक्त मोठ्या लोकांनी रेखलेली. पहिला खटका तेलावरून उडाला. होडीचं लाकूड ते जोडण्याआधी तेल पाजून घेत, म्हणजे कीड लागत नाही. विमानाचे सांधे सरसाने चिकटवायचे होते आणि तेलकट लाकडाला सरस धरत नाही. अण्णा हे अंगणाच्या एका टोकाहून ओरडत होते आणि मिस्त्री दुसऱ्या टोकाहून. “सरस लावून मानसं वर पाठवनार? ही काय चप्पल हाय?” असं मिस्त्रींनी विचारलं, आणि दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सरसाने जोडलेला एक तुकडा घेऊन. घरी त्यांनी तो दगडावर आपटून पाहिला होता. सांधा सुटला नव्हता, लाकूड फाटलं होतं. त्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. मात्र त्यानंतर गावात सरसाविषयी अशा थाटात बोलू लागले की जणू तो त्यांच्या आजोबांनी शोधला.

याच मिस्त्रींनी अण्णांना तो नियम सांगितला. त्यांच्याकडे नवी होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा ती बांधणाऱ्याने आत बसायचं. मालक मागाहून, खलाशी मागाहून. फट राहिली असेल तर पहिली त्याची लुंगी भिजू दे. अण्णा देवधर्म काही मानत नसत, पण हा नियम त्यांना इतका आवडला की त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा जपला. घरी येईल त्याला ते तो सांगत. वीजघर ज्यांनी बांधलं त्यांना पहिल्या दिवशी पाण्याच्या बोगद्यात बसवायला हवं होतं, असंही वर म्हणत. ऐकणारा हसे, मग अण्णा हसत, आणि मिस्त्री कामावरून मान वर करून म्हणत की मग बांधणारा मी, म्हणजे मी बसणार. दादा त्यांना समजावायचा की पहिल्यांदा उडवायचं ते एकट्याने, ओझं जितकं कमी तितकं बरं. मागच्या बैठकीत कोणी नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही. मिस्त्रींनी कुरकुरत ते मान्य केलं, पण नवा सदरा शिवून घेतलाच.

पंखाचं कापड आईने आणि मी शिवलं. पंख पडवीत भिंतीसारखा आडवा उभा केलेला असे, आणि कापड आतल्या फासळ्यांना बांधून घ्यायला लांब सुई आरपार घालावी लागे. आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. तिने सुई खुपसायची, मी इकडे ओढून गाठ मारून परत खुपसायची. गाठ मिस्त्रींनी दाखवलेली, जाळ्याची. दिवसच्या दिवस आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो, नुसती सुई जा-ये करत होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि परीक्षेचं पुस्तक मांडीवर उघडं ठेवून गाठी मारत असे. त्या वर्षीचं इंग्रजी काव्य मला अजून रोगणाच्या वासासकट आठवतं. कापड ताणून बसावं म्हणून त्यावर ते रोगण फासत. तो वास सगळ्यात शिरला. भातात, कुळथाच्या पिठीत, उकडलेल्या आठळ्यांत. सुकट भाजली तरी तिचा वास त्याच्यापुढे हरायचा, आणि आमच्याकडे सुकटीला हरवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. “जळलं मेलं ते विमान,” आई म्हणायची आणि पुढचा टाका घालायची.

तोंडावर जे बोलली नसती ते आई त्या कापडापलीकडून बोलायची. एका दुपारी सुई बराच वेळ आली नाही. मी हाक मारली. मग पलीकडून तिचा आवाज आला, आणि तो आमच्या घराच्या मानाने हळू होता.

“विजू, मी हे शिवत्ये ते सुधीर उडवणार म्हणून. त्याला येतं ते काम. पण यांचं लक्षण मला दिसतंय. यांना सांग, माझ्या घरातला एक माणूस त्यात बसेल. दोन नाही.”

मी ते अण्णांच्या कानात ओरडून पोचवलं. अण्णांनी हातातली कानस खाली ठेवली, पडवीत आले, आणि पंखाकडे बघून, म्हणजे पंखामागच्या आईकडे बघून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “कबूल. एकच.” मग सुई आली.

विमान तयार झाल्यावर दादाने ते सड्यावर नेऊन आधी नुसतं धाववलं, मग हातभर उचलून परत टेकवलं. हे सगळं भल्या पहाटे, एकट्याने. सड्याचं कातळ तिथे सपाट आहे. पूर्वेला मोकळं आणि हलक्या उताराचं. पश्चिमेला मात्र धाव थोडी, शेवटी जांभा दगड रचून घातलेला कुंपणाचा गडगा, आणि गडग्यापलीकडे काजूंनी भरलेला उतार थेट खाडीपर्यंत. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आमच्याकडचे मच्छीमार त्याला मतलई म्हणतात. तो समोरून घेत पूर्वेकडे धावायचं, विमान आपसूक हलकं होतं. ऊन चढलं की वारा फिरतो, समुद्रावरून येऊ लागतो, आणि मग गडग्याच्या दिशेनेच धावावं लागेल. म्हणून दादाचा नियम एकच होता: वारा फिरायच्या आत उडायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी. हा नियम अण्णांना, आईला, मिस्त्रींना, मला, सगळ्यांना पाठ होता. सगळ्यांना पाठ असलेला नियमच आधी मोडतो, हे मला पुढे नोकरीत कळलं. तेव्हा कळायला हवं होतं असं मी म्हणणार नाही.

पहिलं खरं उड्डाण, म्हणजे खाडीवरून एक फेरी मारून परत यायचं, एवढंच ठरलेलं होतं. त्याला चार माणसं पुरली असती. पण बातमी फुटली आणि गावात सत्कार समिती स्थापन झाली. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं तरी आधी समिती होते. समितीने मुंबईचे एक पुढारी ठरवले, मंडप ठरवला, ढोल-सनईचा खालूबाजा ठरवला, निमंत्रण पत्रिका छापली. पत्रिकेवर स्वागतोत्सुकांची इतकी नावं होती की विमानाचं चित्र मागच्या बाजूला टाकावं लागलं. ‘निर्माते’ म्हणून अण्णांचं नाव. ‘वैमानिक’ म्हणून दादाचं, बारीक टायपात. हसन मिस्त्रींचं नव्हतं. अण्णांनी हे पाहिलं का? पाहिलं. मी त्यांना ओरडून विचारलं तेव्हा ते म्हणाले की छपाईत राहून गेलं असेल, आणि वारा बघायला बाहेर गेले.

कार्यक्रम सकाळी सातचा होता. दादा पहाटेपासून सड्यावर. मतलई छान पडलेली. सात वाजले, आठ वाजले. पुढारी वाटेत कुणा बागायतदाराकडे न्याहारीला थांबले होते, आणि आमच्या जिल्ह्यात न्याहारी म्हणजे घावण्यांपासून आंबापोळीपर्यंत सगळं दाखवल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत. आता इकडे विमानतळाचं एवढं घाटतंय म्हणतात. विमानाला उशीर करण्याची आमची परंपरा मात्र विमानतळापेक्षा जुनी आहे. दादा इंजिनाच्या सावलीत कातळावर बसून होता. मध्येच उठून तो मूठभर वाळलेलं गवत वर सोडून बघायचा. साधारण दहाच्या सुमाराला गवत आधी सरळ खाली पडलं, आणि थोड्या वेळाने उलट्या दिशेने उडालं. दादाने मला खूण केली. मी अण्णांकडे गेले, दादा उद्या म्हणतोय, असं कानात ओरडले. अण्णांनी मंडपाकडे पाहिलं. सगळ्या शाळा आणल्या होत्या. अण्णा स्वतः दादाकडे चालत गेले. दादा काय बोलला ते मला लांबून ऐकू आलं नाही, पण नंतर त्याने मला सांगितलं ते असं: “एकटा आहे म्हणून निघेल. गडगा जेमतेम जाईल, पण जाईल.” त्याचं कामातलं गणित कधी चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते चुकलं नाही.

पुढारी आले तेव्हा कातळ तापून त्यावरची हवा हलायला लागली होती. भाषणात गरुड आला, इतिहास आला, समुद्रावर राज्य केलेले पूर्वज आले, आणि ‘या थोर निर्मात्याचा’ गौरव म्हणून अण्णांच्या खांद्यावर शाल आली. हसन मिस्त्री नव्या सदऱ्यात मंडपाच्या दोरीपाशी उभे होते. पहिल्या रांगेत समितीच्या लोकांच्या मेहुण्यांनाही खुर्च्या होत्या. अण्णा शाल घेऊन नमस्कार करत होते तेव्हा मिस्त्रींनी दोरीपलीकडून आवाज दिला. ते सगळं आयुष्य खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाशी बोललेले. त्यांना लाउडस्पीकर लागत नव्हता.

“बांधनारा कोन? जो बांधनारा असेल त्यानं बसू दे की आत. नियम सगल्यांना सांगत फिरता ना? आता बसा.”

हे अण्णांना ऐकू आलं. पुढाऱ्यांनी शेजारच्याला विचारून घेतलं की काय नियम, आणि ऐकून त्यांना तो इतका आवडला की त्यांनी माइक परत हातात घेतला. बांधणाऱ्याने पहिलं आत बसायचं, ही आपली संस्कृती आहे, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. अण्णा व्यासपीठावरून उतरले आणि विमानाकडे चालू लागले. तेवढ्यात खालूबाजा सुरू झाला.

मी धावले. दादा चाकाशी उभा होता. अण्णांनी मागच्या बैठकीच्या कडेला हात घातला तेव्हा तो म्हणाला, “अण्णा, नको.” हसऱ्या चेहऱ्याने, नेहमीच्या आवाजात. ढोलांमध्ये ते अण्णांनाच काय, कोणालाही ऐकू आलं नसतं. मला ओठांवरून कळलं. मी अण्णांच्या कानाला तोंड लावून ओरडले, “दादा नको म्हणतोय. आईला कबूल केलंयत.” अण्णांनी मान हलवली. त्या सकाळी ते भेटेल त्याला तशीच मान हलवत होते. मग त्यांनी पाय वर टाकला आणि आत बसले. अण्णा अंगाने भरलेले होते. विमान त्यांच्या बाजूने किंचित खाली बसलं, ते आम्ही दोघांनीही पाहिलं. दादा क्षणभर थांबला. त्याने मंडपाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. त्या वेळी त्याच्या मनात काय आलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सगळ्या गावादेखत बापाला खाली उतरवणं त्याला जमलं नाही, याहून जास्त काही मला सापडलेलं नाही. त्याने वाकून अण्णांच्या खांद्यावरची शाल काढली, म्हणजे ती वाऱ्याने कशात गुंतू नये, व्यवस्थित घडी केली आणि माझ्या हातात दिली. “ही धर,” म्हणाला.

आई मंडपात आली नव्हती. ती घराच्या बाजूने येऊन गडग्याजवळ उभी होती, पश्चिमेला. विमान तिच्या दिशेने धावत गेलं. ते पुष्कळ धावलं. शेपूट उचललं, चाकं जमिनीला लागतच राहिली, मग सुटली. गडग्याच्या वरच्या थराला एक चाक घासलं आणि दोन-तीन दगड पलीकडे पडले. विमान गडग्यावरून गेलं आणि उतारामागे खाली नाहीसं झालं. इंजिनाचा आवाज येत होता. लोकांना वाटलं खाडीवरून वळण घेतोय. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि खालूबाजावाल्यांनी पुन्हा सुरुवात केली, त्यामुळे इंजिनाचा आवाज कधी थांबला ते कोणाला कळलं नाही. आईला कळलं. तिने लुगडं खोचलं आणि गडगा ओलांडून ती उतरू लागली.

मी धावत होते तेव्हा मागे लाउडस्पीकरवरून सांगत होते की कोणी जागा सोडू नये, अल्पोपाहाराची व्यवस्था आहे.

काजूच्या झाडांनी मागचा अर्धा भाग वरच्या वर धरून ठेवला होता, आणि पुढचा कातळावर गेला होता. अण्णा मागे होते. त्यांची मांडी आणि गळ्याचं हाड मोडलं होतं, आणि ते ओरडून विचारत होते, “सुधीर, लागलं का रे?” उत्तर येत असेल तरी आपल्याला ऐकू येत नाही, एवढं त्यांना भान होतं, म्हणून ते माझ्याकडे बघत होते, नेहमीसारखं मी सांगावं म्हणून. मी सांगितलं नाही. मिस्त्री आमच्या मागोमाग धडपडत उतरले होते. ते इंजिनाखाली शिरले आणि त्यांनी आणि आणखी कोणी दादाला ओढून काढलं. तो जीपमध्ये घालेपर्यंत होता. आईच्या मांडीवर डोकं होतं, काहीतरी बोलला. ढोल एव्हाना थांबले होते, तरी ऐकू आलं नाही. दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तो नव्हता. झाकायला जीपमध्ये दुसरं काही नव्हतं. शाल माझ्या हातातच होती. तिच्या कोपऱ्याला दुकानाची चिठ्ठी तशीच अडकवलेली होती.

चौकशी झाली. अण्णांनी सगळं स्वतःवर घेतलं. त्यात खोटं काही नसल्यामुळे मग कोणाला फारसा रस उरला नाही. पुढाऱ्यांनी शोकसंदेश पाठवला, त्यातही गरुड होता.

तेरावं उरकल्यावर एका संध्याकाळी हसन मिस्त्री आले. अण्णा अजून दवाखान्यात होते. मिस्त्री पडवीच्या पायरीवर बसले, जिथे पंख उभा असायचा त्या जागेकडे तोंड करून. आई तांदूळ निवडत होती, ती निवडत राहिली. मिस्त्री म्हणाले, “वहिनी, बसायचा मान माझा होता.”

आईने तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मी बसलो असतो तर ता विमान निघून गेला असता. माझं वजन ता काय? सुक्या बांगड्याएवढं.”

तेव्हाही त्या बोलण्यात थोडीशी बढाई होती. माणूस एकदम बदलत नाही. आईने सूप खाली ठेवलं.

“मिस्त्री, एवढं ओरडलात तुम्ही. सगळ्या सड्याला ऐकू गेलं. मग हे का नाही ओरडलात? की उतरा, मी बसतो?”

“मला वाटला, मला बोलावतील,” असं मिस्त्री म्हणाले. “सगल्यांच्या समोर म्हनतील, मिस्त्री, तुम्ही या. तेवढ्यासाठी ओरडलो.” आणि मग, “ज्याला खुर्ची नाय दिली, त्याला विमानात कोन बसवनार होता.”

आईने त्यांच्याकडे रागाने पाहिलं नाही, मायेनेही नाही. चहा टाक, असं ती मला म्हणाली. त्यांनी चहा घेतला. पुन्हा ते आमच्याकडे आले नाहीत. होड्या बांधत राहिले, पण नव्या होडीत बसायला मुलाला पाठवू लागले, असं मी ऐकलं. लोक त्यावरून त्यांना टोमणे मारत.

हल्लीच दोन तरुण माझ्याकडे येऊन गेले. सड्यावर ‘रत्नागिरीचे पहिले विमान’ असा फलक लावायचा आहे, त्यासाठी त्यांना अण्णांचा शाल घेतलेला फोटो हवा होता. मुलं चांगली होती, चपला बाहेर काढून आत आली. कार्यक्रमाला मी यावं, माझा सत्कार करायचा आहे, असं म्हणाली. मी विचारलं, किती वाजता? सकाळी साडेदहा म्हणाली. तोपर्यंत वारा फिरतो, असं मी म्हटलं. त्यांना वाटलं मला वयोमानाने वाऱ्याचा त्रास होतो. मंडपाला तिन्ही बाजूंनी कापड लावू, असं त्यांनी आश्वासन दिलं. फोटो मी दिला नाही. मिस्त्रींचं नाव मात्र लिहून दिलं. लावतात की छपाईत राहून जातं, ते बघायचं.

तेव्हा दवाखान्यातून अण्णा घरी आले ते कुबड्या घेऊन, आणि त्यानंतर बरीच वर्षं जगले. विमानाबद्दल ते कधी बोलले नाहीत. खरं म्हणजे ते बोलत होते की नाही हेच सांगता येत नाही, कारण त्यांचा आवाज गेला होता. घशाला काही झालं नव्हतं, डॉक्टरांनी तपासलं. ते नुसते हळू बोलू लागले, दादासारखे, ओठ हलत आणि शब्द समोरच्या ताटापर्यंतही पोचत नसत. मी मुंबईहून सुटीला आले की जेवताना बघायची. आई वाढत असायची. तिने त्यांना औषध वेळेवर दिलं, पाय शेकला, माशाचे काटे काढून दिले, आमसुलाचं सार त्यांना आवडतं तसं पातळ केलं. एक अपशब्द तिच्या तोंडून कधी गेला नाही. अण्णा मान वर करून तिला काहीतरी म्हणायचे. कधी ते एक-दोन शब्दांचं असायचं, कधी लांबलचक, आणि म्हणून झालं की ते थांबून तिच्याकडे बघत राहायचे. आमच्या घरात कोणी असं बोललं की समोरचा ओरडायचा, “काय? काय म्हणालात?” मीसुद्धा अनेकदा विचारायला तोंड उघडलं, आणि आईकडे बघून मिटलं. आई त्यांच्या तोंडाकडे बघत उभी असायची, ते संपेपर्यंत. मग ती विचारायची, “भात घालू?”